दाखिला, दाखला आणि परवाना

(परदेशात जाऊन उच्च शिक्षण घ्यावे, असे अनेक मुलामुलींना वाटते. अलीकडे काही देशांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातल्या आहेत. अशा वेळी अर्ज कसा करावा, कोणती काळजी घ्यावी आणि कोणत्या मोहापासून दूर राहावे, हे या पाठात लेखकाने आपल्या एका माजी विद्यार्थिनीच्या अनुभवातून सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आज आपण एका शब्दापासून सुरुवात करू या. घरी आपण उर्दूत म्हणतो, "कॉलेजात दाखिला मिळाला." म्हणजे प्रवेश मिळाला. मराठीत मात्र 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र. जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. मूळ शब्द एकच. पण दोन घरी नांदल्यामुळे त्याचे दोन अर्थ झाले.

आता या दोन शब्दांशेजारी तिसरा शब्द लिहा : 'परवाना'. तुम्ही म्हणाल, "सर, परवाना म्हणजे शमेभोवती फिरणारा पतंग!" उर्दू शायरीत तसे खरे आहे. पण कचेरीत परवाना म्हणजे सरकारने दिलेली लेखी परवानगी. वाहन चालवायला परवाना लागतो, दुकान उघडायला परवाना लागतो, आणि दुसऱ्या देशात राहून शिकायलाही परवाना लागतो.

दाखिला, दाखला आणि परवाना या तीन गोष्टी एकच आहेत, असे समजणाऱ्या एका घराची हकिगत मी तुम्हांला सांगणार आहे. हे घर भिवंडीचे आहे. मुलगी माझ्या वर्गात शिकलेली आहे. तिने विनंती केल्यामुळे मी तिचे नाव सांगत नाही.

तिच्या वडिलांचे भाड्याच्या शेडमध्ये सहा यंत्रमाग आहेत. त्यांचे घर सखल भागात आहे. पावसाळ्यात कामवारी नदीला पूर आला की गल्लीत गुडघाभर पाणी साचते. धान्याचे डबे माळ्यावर चढवावे लागतात. लहानपणी ती मला विचारत असे, "सर, पाणी आमच्याच गल्लीत का थांबते? पुढे का जात नाही?" मी तिला सांगे, "हे तूच शोधून काढ." तिने ते मनावर घेतले. २०१७ साली ती दहावी झाली आणि २०२३ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडली. त्यांच्या कुटुंबातली ती पहिली पदवीधर.

पदवीनंतर तिला परदेशात शिकायची इच्छा झाली. वडिलांनी एका एजंटाला गाठले. एजंटाने दोन-तीन रंगीत पुस्तिका पुढे ठेवल्या आणि कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या एका कॉलेजाचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम सुचवला. विषय होता व्यवसाय व्यवस्थापन. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रवेशपत्र आले. फीचा पहिला हप्ता भरला गेला. दादीने गल्लीत पेढे वाटले. "दाखिला मिळाला, आता अडवणार कोण?" असे त्या सर्वांना सांगत होत्या.

अडवणारे कोणी एक माणूस नव्हते. अडवणारा होता एक आकडा.

२२ जानेवारी २०२४ रोजी कॅनडाच्या सरकारने जाहीर केले की, यापुढे परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांना मर्यादा राहील. २०२४ साली सुमारे ३,६०,००० नवे परवाने मंजूर होतील, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. ही संख्या प्रांतांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून देण्यात आली. ज्या प्रांतांत परदेशी विद्यार्थी फार वाढले होते, त्यांच्या वाट्याला मोठी कपात आली. ऑन्टारिओ त्यांतलाच एक.

असे का झाले, तेही समजून घ्या. २०२३ च्या अखेरीस कॅनडात अभ्यासाचा परवाना असलेले दहा लाखांहून अधिक परदेशी विद्यार्थी होते. त्यांत सर्वांत जास्त भारतीय होते. परदेशी विद्यार्थ्यांकडून तिथल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त फी घेतली जाते. या फीवर अनेक कॉलेजांचा संसार चालत असे. काही कॉलेजांनी शिकवण्याची आणि राहण्याची सोय वाढवली नाही, फक्त विद्यार्थी वाढवले. दुसरीकडे देशात घरांची टंचाई होती आणि भाडी वाढत होती. सगळा दोष विद्यार्थ्यांचा नव्हता; पण सरकारने दार अरुंद करायचे ठरवले, आणि त्या दारात आपली ही मुलगी उभी होती.

आता तिला आणखी एक कागद लागणार होता. ज्या प्रांतात शिकायचे, त्या प्रांताच्या सरकारचे पत्र. हा विद्यार्थी आमच्या वाट्याच्या संख्येत बसतो, अशी ग्वाही त्या पत्रात असते. आपल्या मराठीत सांगायचे तर तो प्रांताचा दाखला. बहुतेक पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांना तो आवश्यक ठरला. ज्यांना तो लागू होता, त्यांचा अर्ज त्याच्याशिवाय विचारात न घेताच परत येई. म्हणजे पाहा, कॉलेजाने द्यायचा तो दाखिला, प्रांताने द्यायचा तो दाखला आणि देशाच्या सरकारने द्यायचा तो परवाना. तीन दारे, तीन किल्ल्या. पहिले दार उघडले म्हणून तिसरे आपोआप उघडत नाही.

प्रांताचा दाखला तिला मे महिन्यात मिळाला. घरात पुन्हा आनंद झाला. पण खरी अडचण पुढेच होती. ती अडचण म्हणजे पैसा.

परदेशी विद्यार्थ्याने तिथे राहण्या-जेवण्याचा एक वर्षाचा खर्च आपल्याजवळ आहे, हे अर्जात दाखवावे लागते. एकट्या विद्यार्थ्यासाठी ही रक्कम पूर्वी १०,००० कॅनडी डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ डॉलर झाली. त्या वेळच्या हिशेबाने सुमारे साडेबारा लाख रुपये. पहिल्या वर्षाची फी आणि विमानाचे भाडे वेगळे. एजंटाने घरच्यांना जुनाच आकडा सांगितला होता. वडिलांनी जमवलेली रक्कम आणि बँकेने कबूल केलेले कर्ज यांची बेरीज केली, तर सहा लाख रुपये कमी पडत होते.

दादींनी उर्दूतली म्हण सांगितली, "चादर पाहून पाय पसरावेत." मराठीत चादरीच्या जागी अंथरूण येते : 'अंथरूण पाहून पाय पसरावे.' पण वडिलांना मुलीचे स्वप्न मोडवेना. त्यांनी दोन माग विकायचे ठरवले. गिऱ्हाईकही पाहून ठेवले.

तेवढ्यात एजंट म्हणाला, "माग विकू नका. माझा एक माणूस आहे. तो तुमच्या खात्यात तीन महिने पैसे ठेवील. परवाना मिळाला की परत घेईल. त्याला थोडेसे कमिशन द्या. सगळेच असे करतात."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा : 'सगळेच असे करतात.' जिथे हे वाक्य ऐकू येईल, तिथे थांबा आणि विचार करा.

त्या संध्याकाळी ती शाळेत मला भेटायला आली. हातात अर्जाची प्रत होती. तिने शेवटचे पान उघडले आणि एका ओळीवर बोट ठेवले. वर दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे, असे अर्जदाराने जाहीर करायचे, अशा अर्थाची ती ओळ होती.

"सर, इथे सही कोणाची?"

"तुझी."

"एजंटाची नाही?"

"नाही. अर्ज कोणीही भरून दिला तरी त्यातील माहितीची जबाबदारी अर्जदाराची असते."

"आणि पैसे माझे नाहीत, हे त्यांना कळले तर?"

मी तिला जे माहीत होते ते सांगितले. कॅनडाच्या कायद्याप्रमाणे अर्जात खोटी माहिती किंवा बनावट कागद दिल्याचे ठरले, तर त्या व्यक्तीला पाच वर्षे त्या देशाची दारे बंद होतात. नकार ही वेगळी गोष्ट आणि बंदी ही वेगळी गोष्ट. खरा अर्ज नामंजूर झाला, तर उणीव भरून काढून पुन्हा अर्ज करता येतो. खोट्या अर्जाला तशी सोय नाही. खात्यात एकाएकी मोठी रक्कम आली, तर ती कोठून आली, असा प्रश्न अधिकारी विचारतात. त्याला उत्तर लागते, आणि उत्तराला कागद लागतो.

मी तिला २०२३ सालची एक घटनाही सांगितली. त्या वर्षी कॅनडात असलेल्या काही भारतीय विद्यार्थ्यांना देश सोडण्याच्या नोटिसा मिळाल्या. त्यांत पंजाबमधली मुले पुष्कळ होती. त्यांच्या जुन्या अर्जांना जोडलेली प्रवेशपत्रे बनावट निघाली होती. ती एजंटांनी तयार केली होती. अनेकांना याचा पत्ताही नव्हता. ती मुले शिकली होती, नोकरीला लागली होती, आणि मग एका कागदाने त्यांची झोप उडवली. पुढे सरकारने प्रत्येकाच्या प्रकरणाची चौकशी केली. जे स्वतः फसले होते, त्यांना वाचवण्याचा मार्ग काढण्यात आला. १ डिसेंबर २०२३ पासून तर प्रत्येक प्रवेशपत्र खरे आहे की नाही, हे सरकार थेट त्या कॉलेजाला विचारू लागले.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, माग अब्बांचे आहेत. पण खोटे माझ्या नावावर लागेल."

दुसऱ्या दिवशी तिने घरी सांगितले की, या वर्षी ती अर्ज करणार नाही. वडील चिडले. एजंट तर अधिकच चिडला. कॉलेजाने आपल्या नियमाप्रमाणे काही रक्कम कापून उरलेली फी परत केली. एजंटाने घेतलेले पैसे मात्र परत आले नाहीत. पेढे खाल्लेली गल्ली विचारू लागली, "काय झाले? दाखिला मिळाला होता ना?" त्या दिवसांत ती दाराबाहेर पडायला नको म्हणत असे. हा भाग मी तुमच्यापासून लपवत नाही. खरे वागणाऱ्याला लगेच शाबासकी मिळते, असे नाही. कधी कधी त्याला आधी हसूच सोसावे लागते.

पण माग वाचले. सहाच्या सहा माग चालू राहिले.

काही दिवसांनी मी तिला एक कोरा कागद दिला. म्हटले, "यावर एवढेच लिही, तुला परदेशात काय शिकायचे आहे आणि का?" तिने एजंटाच्या नमुन्यातली वाक्ये लिहून आणली : जागतिक दर्जाचे शिक्षण, उज्ज्वल भवितव्य, सुंदर देश. मी विचारले, "ही वाक्ये दुसऱ्या कोणी आपल्या नावाने लिहिली तर चालतील का?" ती हसली. "कोणालाही चालतील, सर."

"मग ती तुझी नाहीत."

दुसऱ्या वेळी तिने गल्लीतले पाणी लिहिले. माळ्यावर चढवलेले धान्याचे डबे लिहिले. शहरातील पावसाचे पाणी वाहून नेण्याची व्यवस्था कशी आखतात, हे तिला शिकायचे होते. लिहिता लिहिता तिच्याच लक्षात आले की, व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदविकेशी याचा काहीच संबंध नाही. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या मुलीने ती पदविका का घ्यावी, हा प्रश्न परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यालाही पडला असता. ज्या कॉलेजाकडून दलालाला मोबदला मिळतो, ते कॉलेज दलालाला चांगले दिसते. विद्यार्थ्याने मात्र विषय आधी ठरवावा, संस्था मग शोधावी आणि देश शेवटी निवडावा.

तिने नवी मुंबईत सांडपाण्याच्या आणि पावसाळी गटारांच्या कामाचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. पगारातून दरमहा रक्कम बाजूला टाकली. थेंबे थेंबे तळे साचे. रात्री ती इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करी आणि रविवारी नियम वाची. नियम वाचण्याची सवय तिला फार उपयोगी पडली, कारण नियम एका जागी उभे राहत नव्हते.

कसे ते पाहा. पदव्युत्तर अभ्यासक्रमाला २०२४ साली प्रांताचा दाखला लागत नव्हता. २०२५ साली तो लागू लागला. १ जानेवारी २०२६ पासून सार्वजनिक विद्यापीठांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यातून पुन्हा सूट मिळाली. दाखवायची रक्कम १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर झाली. भारतासारख्या काही देशांतील विद्यार्थ्यांच्या अर्जांचा लवकर निकाल लावणारी एक खास सोय होती. ती ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली. एकूण परवान्यांचे लक्ष्य २०२५ साठी ४,३७,००० होते. २०२६ साठी ते ४,०८,००० करण्यात आले. जो विद्यार्थी मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबून राहील, तो फसणार. म्हणून नियम नेहमी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आणि अर्ज करण्याच्या दिवशी वाचावा. शेजाऱ्याचा मुलगा तीन वर्षांपूर्वी कसा गेला, हे ऐकून अर्ज करू नये.

हे केवळ कॅनडातच घडले असे नाही. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाची फी १ जुलै २०२४ रोजी ७१० डॉलरवरून १,६०० डॉलर केली आणि १ जुलै २०२५ रोजी २,००० डॉलर. हे डॉलर ऑस्ट्रेलियाचे. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पती, पत्नी किंवा मुले बरोबर आणण्याची मुभा काढून घेतली. अमेरिकेने जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी खुली ठेवण्यास सांगितले. दारे बंद झालेली नाहीत; उंबरठे उंच झाले आहेत.

मदतीच्या योजनांचेही तसेच. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्र सरकारची 'पढो परदेश' नावाची योजना होती. ती २०२२-२३ पासून बंद झाली. तरीही तिचे नाव सांगून गिऱ्हाईक ओढणारे भेटतात. शिष्यवृत्तीची किंवा कर्जाची माहिती बँकेत किंवा सरकारी कचेरीत स्वतः जाऊन घ्यावी आणि योजनेचे चालू वर्षाचे परिपत्रक पाहावे.

मग एजंटाकडे कधी जाऊच नये का? तसे नाही. प्रामाणिकपणे काम करणारेही असतात. पण अर्ज स्वतः भरता येतो, हे आधी माहीत असावे. कॅनडाच्या अभ्यास परवान्याच्या अर्जाची सरकारी फी १५० डॉलर आणि बोटांचे ठसे व छायाचित्र यांची फी ८५ डॉलर आहे. त्यावर कोणी पैसे मागितले, तर कशासाठी, हे विचारावे आणि लेखी पावती घ्यावी. पैसे घेऊन अर्जाबाबत सल्ला देणाऱ्याला कॅनडाच्या कायद्याने मान्यता असावी लागते. अशा सल्लागारांची यादी सर्वांना पाहता येते. त्या यादीत नाव नसेल, तर दिव्याचा उजेड कितीही मोठा असो, त्याभोवती फिरणारा परवाना होऊ नका. शायरीतल्या परवान्याचे काय होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

मित्रांनो, ज्ञानासाठी परदेशी गेलेल्यांना पूर्वीही मर्यादा होत्याच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे ते लंडनला शिकू लागले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. लंडनच्या विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली होती. बाबासाहेबांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी केली. पगारातून पैसे साठवले. काही मदत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केली, काही रक्कम नवल भथेना या मित्राने उसनी दिली. १९२० साली, मुदत संपण्याआधी, ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. ही पदवी मिळवली. मधली तीन वर्षे वाया गेली, असे कोण म्हणेल?

आमच्या त्या विद्यार्थिनीने नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कॅनडातील एका सार्वजनिक विद्यापीठात पाणी व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. तिला प्रवेश मिळाला. या वेळी परवान्याचा अर्ज तिने स्वतः भरला. बँकेच्या खात्यात तिचा दोन वर्षांचा पगार होता, वडिलांची बचत होती आणि बँकेचे मंजूर कर्ज होते. प्रत्येक रकमेपुढे कागद होता. अर्ज पाठवण्याआधी तिने तो मला दाखवला. "का?" या प्रश्नाचे उत्तर एका पानात होते आणि ते पान दुसऱ्या कोणाच्या नावाने चालले नसते.

मी हे लिहीत असताना त्या अर्जाचा निकाल लागलेला नाही. परवाना मिळेलही, नाकारलाही जाईल. संख्या ठरवणे आपल्या हाती नाही. पण एक गोष्ट तुम्हांला सांगतो. मर्यादा हा तुमच्या लायकीवर मारलेला शेरा नव्हे. तो दुसऱ्या देशाने आपल्या सोयीसाठी ठरवलेला आकडा आहे. तो आज एक असतो, उद्या दुसरा. तुमचे नाव मात्र तेच राहते. म्हणून त्या नावाखाली जी सही कराल, ती खऱ्या मजकुराखालीच करा.

या वेळी दादींनी पेढे वाटलेले नाहीत. शेजारीण विचारते, तेव्हा त्या म्हणतात, "दाखिला मिळाला आहे. परवान्याची वाट पाहतो आहोत."

त्या आता दोन्ही शब्द वेगवेगळे उच्चारतात.

शब्दार्थ

सखल – आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलगट असलेला. स्थापत्य अभियांत्रिकी – इमारती, रस्ते, पूल इत्यादी बांधण्याचे शास्त्र. ग्वाही – साक्ष, खात्री. टंचाई – कमतरता. बनावट – खोटा तयार केलेला. उणीव – कमीपणा. मोबदला – कामाबद्दल मिळणारे पैसे. मुभा – परवानगी, सूट. परिपत्रक – सर्वांच्या माहितीसाठी कचेरीने काढलेले पत्र. मुदत – ठरवून दिलेला काळ. मजकूर – लिहिलेली माहिती.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलगी लहानपणी सरांना कोणता प्रश्न विचारत असे?
(आ) प्रांताच्या दाखल्यात कोणती ग्वाही असते?
(इ) १ जानेवारी २०२४ पासून अर्जात किती रक्कम दाखवावी लागू लागली?
(ई) अर्जातील माहितीची जबाबदारी कोणाची असते?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा का घातली?
(आ) नकार आणि बंदी यांत काय फरक आहे?
(इ) एजंटाने सुचवलेला अभ्यासक्रम या मुलीसाठी योग्य का नव्हता?
(ई) डॉ. आंबेडकरांनी लंडनला परत जाण्यासाठी पैसे कसे उभे केले?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "माग विकू नका. माझा एक माणूस आहे."
(आ) "पण खोटे माझ्या नावावर लागेल."
(इ) "मग ती तुझी नाहीत."

प्र. ४. खालील शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही. प्रत्येकाचा दोन्ही भाषांतील अर्थ लिहा व मराठी अर्थाने वाक्यात उपयोग करा.
दाखला, परवाना, तालीम, राजीनामा

प्र. ५. खालील वाक्प्रचारांचा व म्हणींचा अर्थ सांगा.
मनावर घेणे, झोप उडणे, थेंबे थेंबे तळे साचे, अंथरूण पाहून पाय पसरावे

प्र. ६. विचार करून सांगा. या मुलीच्या जागी तुम्ही असता, तर एजंटाला काय उत्तर दिले असते? वडिलांची समजूत कशी घातली असती?

लेखन : (१) 'मला पुढे काय शिकायचे आहे आणि का' या विषयावर दहा ओळी लिहा. दुसऱ्या कोणाच्या नावाने चालणार नाही, असेच लिहा.
(२) शाळा सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज लिहा. तारीख, कारण आणि सही विसरू नका.